वर नेट येतं, पण खालचा प्रिंटर दिसत नाही

पेठेतलं_दुकान: नारायण पेठेत दुमजली दुकान आहे. खाली फायबरचा राउटर, टॅलीचा पीसी आणि नेटवर्क प्रिंटर. ३५ मीटर केबल टाकून वर दुसरा राउटर लावला. वर नेट चालतं, पण प्रिंटर आणि टॅलीचं फोल्डर दिसत नाही. प्लॅन २०० एमबीपीएसचा, वर स्पीड ९४च्या पुढे जात नाही.

लॅनवाला: केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेण्याच्या) आहे ना? मग त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क केलंय. आयपी, म्हणजे नेटवर्कातला पत्ता, तपासा: खाली १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, वर १९२.१६८.० ने. नेट दोन्हीकडे मिळतं, पण प्रिंटरचा शोध दुसऱ्या नेटवर्कात पोचत नाही. शिवाय खालच्या पीसीची विंडोज फायरवॉल शेअरिंग सहसा आपल्याच सबनेटपुरतं, म्हणजे स्वतःच्या नेटवर्कापुरतं, उघडं ठेवते.

खालून आलेली केबल आधी काढा. वरच्या राउटरचा लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करा, मगच केबल लॅन पोर्टात (आतल्या पीसीसाठीच्या) लावा. हा क्रम मोडू नका. डीएचसीपी चालू ठेवून जोडलंत, तर दोन राउटर पत्ते वाटतील आणि खालचं बिलिंगही अडेल. १.२ हा पत्ता खालच्या राउटरच्या वाटपाबाहेर हवा.

आठ_तारा: ९४ म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर अडकलीय. वरच्या राउटरचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का, ते आधी बघा. स्वस्त मॉडेलमध्ये नसतात. असतील तर दोष केबलचा. १०० ला १, २, ३, ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांतली एक जरी सुटली तरी नेट १०० वर चालू राहतं, म्हणून दोष लपतो.

दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करा, म्हणजे नवे प्लग दाबून बसवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. तार खरवडून आत चंदेरी दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. वाकवल्यावर तुटतं. तापकीर गल्लीच्या बाजारात केबल घेताना शुद्ध तांब्याची कॅट-६ मागा, आणि दुकानातच खरवडून बघा.

पेठेतलं_दुकान: डीएचसीपी बंद केल्यावर राउटरचं पानच उघडेना.

लॅनवाला: पीसीला आता पत्ता द्यायला कोणी नाही. तात्पुरता हाताने द्या: १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२ उघडा. केबल लावल्यावर पीसी परत ऑटोमॅटिकवर ठेवा.

प्रिंटरचा आयपीही खालच्या राउटरमध्ये रिझर्व्ह करा. नाहीतर गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाऊन आली की त्याचा पत्ता बदलू शकतो, आणि सगळे पीसी त्याला ऑफलाइन दाखवतील.