विषय: पवईसाठी मधल्या किमतीचं स्पिनिंग रील

नमस्कार मंडळी,

डिसेंबर ते मे मुंबईत, कांजूरमार्गला आई-बाबांकडे राहणार आहे. बाबांनी आजवर मासे धरले ते नुसत्या तंगूसावर (नायलॉनच्या दोरावर), हातानेच. आता त्यांना रॉड आणि चांगलं स्पिनिंग रील, म्हणजे रॉडला लावायची दोर गुंडाळायची चकरी, घेऊन द्यायचं आहे. पाणी गोडं, बहुतेक पवईचं, जमलं तर बदलापूरकडे उल्हास नदीचं.

इथे एडिसनच्या (न्यू जर्सी) दुकानात सत्तर ते सव्वाशे डॉलरमध्ये रिलांची रांग लागली आहे. एकावर दहा बेअरिंग लिहिलंय, दुसऱ्यावर चार, आणि किंमत जवळपास सारखीच. आकार २५०० नंबरचा घ्यावा की ४०००चा? बाबांचा उजवा खांदा दुखतो, तेव्हा वजनाचंही बघायला हवं. मंडळातले जे मुंबईला परतलेत त्यांच्यापैकी कुणी सांगेल का?

एडिसनकर

---

विषय: उत्तर: पवईसाठी मधल्या किमतीचं स्पिनिंग रील

एडिसनकर,

तुमची मेल वाचून फार बरं वाटलं. वडिलांसाठी रील घेताय, तर नीटच घेऊ या.

४००० घ्या. आणि पैसे ड्रॅगसाठी मोजा, बेअरिंगसाठी नाही.

बाबांना ड्रॅग समजावून सांगायला वेळ लागणार नाही. मासा पळाला की ते बोटांतून तंगूस सोडतात, थकला की ओढतात. बोटांचं ते सोडणं म्हणजेच ड्रॅग. स्पूलमध्ये (दोर गुंडाळलेल्या फिरकीत) चकत्यांची चळत असते, वरचं बटण पिळलं की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. ठरावीक ताणापर्यंत स्पूल जागचा हलत नाही, त्यापुढे फिरून दोर सोडतो. पवईत रोहू, कटला, मृगळ आहेत. यातला मोठा मासा आमिष घेतल्यावर जी पहिली धाव मारतो, तिथेच रिलाची परीक्षा होते. ड्रॅग क्षणभर अडकला आणि मग सुटला, तर तेवढ्या क्षणात ताण एकदम चढतो. तंगूस तुटतो, नाहीतर गळ ओठ फाडून निघतो. फाटक्या ओठाचा मासा पाण्यात जखमी राहतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

खोक्यावर ‘कमाल ड्रॅग ९ किलो’ असं छापलेलं असेल. त्या आकड्याला भुलू नका. तंगूस ५ किलो ताकदीचा असेल, तर ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा, म्हणजे साधारण सव्वा ते दीड-पावणेदोन किलो. बाकीचे सात किलो आपल्याला कधी लागतच नाहीत. बघायचं ते हे की दीड किलोवर स्पूल हिसका न देता सुटतो का. दुकानात रिलावर थोडा दोर गुंडाळून मागा, ड्रॅग मध्यावर ठेवा आणि आधी अगदी हळू, मग झपकन ओढा. दोन्ही वेळा सुरुवात सारखीच मऊ हवी. विमानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा घरी असेलच. रील रॉडवर बसवा, टोकातून आलेला दोर काट्याच्या हुकाला बांधा आणि ओढून बघा. आकडा स्थिर राहिला तर रील चांगलं. अंदाजाने बटण पिळण्यापेक्षा बाबांनाही ड्रॅग असाच लावून द्या.

आता बेअरिंग. मुख्य गिअरपाशी, पिनियनपाशी (त्याला जुळलेल्या छोट्या दातेरी चाकापाशी) आणि दोर ज्यावरून वळतो त्या रोलरमध्ये चांगली बेअरिंग असली की काम झालं. हँडलच्या मुठीत दोन घातली की खोक्यावरचा आकडा वाढतो, रील सुधारत नाही. शिमानो कंपनीच्या सेडोना आणि नास्की या रिलांत मोजून चार-पाच असतात आणि दोन्ही उत्तम चालतात. तुमच्या बजेटात मी नास्की घेईन, कारण त्यात पाणी आत शिरू नये याची सोय आहे आणि मुंबईच्या हवेत ती कामाला येते. डायवाचं बीजी अंगाने धातूचं, दणकट, पण हातात चांगलंच जड लागतं.

आकाराचा नंबर प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. डायवाने ‘एलटी’ मालिका काढली तेव्हा त्याच नंबरची रिलं लहान अंगाची झाली. म्हणून नंबराआधी स्पूलवर लिहिलेली दोराची क्षमता वाचा. १० पौंडी (तेवढा ताण सोसणारा) तंगूस १८० मीटरच्या आसपास मावत असेल, तर कटल्याच्या धावेला पुरतो.

खांद्याची चिंता नको. आमिष तळाला सोडलं की रॉड स्टँडवर असतो, हातात नाही. शिवाय स्पिनिंग रिलाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. रॉड डाव्या हातात, हँडल उजवीकडे, म्हणजे भार डाव्या खांद्यावर जाईल.

पवईला परस्पर गळ टाकून बसू नका. तिथल्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे सभासदत्वाची, परवानगीची चौकशी आधी करा. तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्याच्या अगदी कडेला उकिडवं बसायचं नाही, हे बाबांना ठणकावून सांगा.

मुलुंडकर

---

विषय: उत्तर: उत्तर: पवईसाठी मधल्या किमतीचं स्पिनिंग रील

मुलुंडकर काकांचं ड्रॅगबद्दलचं सगळं पटलं. ४००० बद्दल मात्र माझं थोडं वेगळं म्हणणं आहे.

बाबा नदीवर जाणार असतील तर मरळ लागेल. मरळ गवतात, जलपर्णीत दडून असते. तिच्यासाठी रबरी बेडूक टाकायचा, ओढायचा, पुन्हा टाकायचा, आणि हे सकाळभर चालतं. त्या वेळी रॉड सतत हातात असतो आणि दुखऱ्या खांद्याला ग्रॅम न् ग्रॅम जाणवतो. मी त्यासाठी ३००० च्या अंगाचं, ६ च्या आसपास गिअर रेशोचं रील वापरते. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (दोर स्पूलवर गुंडाळणारा भाग) सहा वेळा फिरतो, मरळ वेलींत घुसायच्या आत दोर गोळा होतो. इथे तंगूस नको, ब्रेडेड (धागे विणून केलेला) दोर हवा. २० पौंडी ब्रेडेड दोर जेमतेम ६ पौंडी तंगूसाइतका जाड असतो आणि ताणला जात नाही. फक्त स्पूलवर आधी तंगूसाचे थोडे वेढे घ्या, नाहीतर ब्रेडेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवर घसरत राहतो आणि माणूस ड्रॅगला दोष देत बसतो.

आणि एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांच्या थव्यावर राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला की तिथे बेडूक टाकू नका. आई-बाप रागाने झडप घालतात म्हणून ते सहज सापडतात, आणि ते गेले की पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. चढणीच्या माशांचंही तसंच. ते अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना जाऊ द्यावं. तुम्ही मेमध्ये परत जाल, पण रील बाबांकडेच राहणार, म्हणून आत्ताच लिहिलं.

ठाणेकर

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पवईसाठी मधल्या किमतीचं स्पिनिंग रील

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांना बेडूक टाकत फिरायचं नाही, कणकेचा गोळा आणि पेंड घेऊन एका जागी बसायचं आहे. म्हणजे ४०००. आता दुकानदार म्हणतो ‘बेटफीडर’वालं घ्या, मागे जादा खटका असतो. त्याचा खरंच उपयोग आहे का?

एडिसनकर

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: पवईसाठी मधल्या किमतीचं स्पिनिंग रील

एडिसनकर,

दुकानदाराने नेमकं सांगितलं. बाबा एका जागी बसणार असतील तर मी माझी नास्की मागे घेतो, बेटफीडरच घ्या.

रॉड स्टँडवर, बाबा चहा ओततायत, आणि कटल्याने आमिष घेऊन धाव मारली, तर साध्या रिलावर रॉडसकट सगळं तलावात जाऊ शकतं. बेटफीडरचा खटका लावला की स्पूल जवळजवळ मोकळा होतो. मासा दोर नेतो, रील किर्रर्र वाजतं, बाबा सावकाश उठतात, रॉड उचलतात, हँडल फिरवतात. हँडल फिरताच खटका आपोआप सुटतो आणि आधी लावून ठेवलेला मुख्य ड्रॅग लागू होतो. म्हणून मुख्य ड्रॅग काट्यावर आधीच लावलेला हवा, ते विसरू नका.

ओकुमाचं अव्हेंजर एबीएफ तुमच्या बजेटात बसेल. शिमानोचं बेटरनर सुबक आहे, पण सव्वाशेच्या पुढे जातं. दोन्हींचा ड्रॅग दुकानात ओढून बघा आणि ज्याची सुरुवात मऊ ते घ्या. ही रिलं थोडी जड असतात, पण स्टँडवर चालतंय. दोर तंगूसच ठेवा, १२ पौंडी. तो थोडा ताणला जातो म्हणून ओठ फाटत नाही, आणि बाबांच्या बोटांना त्याची सवय आहे.

घरी आल्यावर ड्रॅगचं बटण सैल सोडायचं, नाहीतर चकत्या दबून राहतात. ओल्या फडक्याने पुसायचं, नळाच्या धारेखाली धरायचं नाही. रोलरवर आणि बेलच्या (दोर धरणाऱ्या तारेच्या कडीच्या) सांध्यावर अधूनमधून तेलाचा एक थेंब. गंज काढायचा फवारा आत मारू नका, ग्रीस धुऊन जातं. येताना रील आणि गळ चेक-इन बॅगेत टाका.

मुंबईत उतरलात की कळवा. तंगूस भरायला मीच कांजूरला येतो. पहिल्यांदा भरताना तो पिळला तर पुढे सारखा गुंता होतो, म्हणून एकाने तंगूसाचं रीळ धरायचं आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं. हँडल बाबांकडे देऊ.

मुलुंडकर