कोड न बघता किराणा साइट तपासायची आहे, सीमा (नियम जिथं बदलतो ते आकडे) कुठं कुठं धरायच्या?

डाळवाला_टेस्टर: तूरडाळ, काळा मसाला, शेंगदाणा चटणी विकणारी साइट तपासायलोय. हातात फक्त टेस्ट सर्व्हर अन् नियमांचा कागद. कूपन असं: ५०० पासून १० टक्के सूट, जास्तीत जास्त १०० रुपये. किती केसेस (तपासायचे प्रसंग) पुरतील?

लातूरकर: ४९९.९९ ला कूपन नाकारलं पाहिजे, ५०० ला बरोबर ५० सुटले पाहिजेत. दुसरी सीमा १००० ची. ९९९ ला ९९.९०, १००० ला १०० आणि १००१ लाही १००च. ६००, ७००, ८०० सगळे एकाच वर्गातले, म्हणजे नियम तोच लागतो, त्यातला एक बस झाला.

खरी गोम पुढं आहे. ५२० चा माल घ्या, कूपन लावा, मग ९० ची चटणी काढून टाका. कार्ट ४३० वर आली तरी ५२ ची सूट तशीच दिसली, तर बग. कूपन लावताना अट तपासली जाते, कार्ट बदलल्यावर नाही, म्हणून हे होतं. ५०० मध्ये डिलिव्हरी चार्ज धरायचा का? कागदावर नसेल तर विचारा, अंदाजानं अपेक्षित उत्तर लिहू नका.

नांदेडकर: पिनकोडला ४३१ म्हणजेच मराठवाडा, असं धरू नका. नांदेड ४३१६०१, पण लातूर ४१३५१२. पाच अंकी, सात अंकी, शून्यानं सुरू होणारा, मधे स्पेस असलेला, सगळे टाकून बघा. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकही टाका. चालले तर उत्तमच, नाही तर निदान स्पष्ट मेसेज यावा, गुपचूप पान रिफ्रेश होऊ नये.

विक्रेता महाराष्ट्रातला असेल तर करपात्र मालावर लातूरच्या पत्त्याला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचे केंद्राचा अन् राज्याचा कर), तेलंगणातल्या निजामाबादच्या ५०३००१ ला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर). पत्ता शेवटच्या पानावर बदलून बिल पुन्हा बघा.

जालनेकर: पेमेंटला सगळ्यात जास्त वेळ द्या. टेस्ट गेटवेवर (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची चाचणीची आवृत्ती) पेमेंट यशस्वी करा आणि साइटवर परत यायच्या आत टॅब बंद करा. ऑर्डर ‘अपूर्ण’च राहिली तर साइट फक्त ब्राउझर परत येण्यावर विसंबलीय. गेटवेकडून सर्व्हरला थेट येणारा निरोप ती वापरत नाही. असा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरतो. स्टॉक १ ठेवून दोन ब्राउझरमधून एकदम ऑर्डर टाकायलाही विसरू नका.

डाळवाला_टेस्टर: डिलिव्हरी चार्जचं कागदावर काहीच नाही, विचारतो. अर्धा माल परत आला तर?

लातूरकर: तेही त्याच मेलमध्ये विचारा. १२०० चा माल, १०० सूट, ३०० ची वस्तू परत: सूट प्रमाणात वाटली तर परतावा २७५, ३०० नाही.