उल्कावर्षाव बघायला गेलात तेव्हाचे अनुभव लिहा, फजितीसकट

13-14 डिसेंबरला जेमिनिड्स असतात म्हणून मागे एकदा गच्चीवर तासभर मान मोडून उभी होते, दोन उल्का आणि सहा विमानं. तुम्ही कुठे जाता, किती वाजता, काय नेता?

---

गच्चीचा नाद सोडा, आणि उभं कशाला राहायचं, सरळ चटई टाकून आडवं व्हायचं. आम्ही डिसेंबर 2023 ला वांगणीच्या पुढे मित्राच्या शेतात गेलो होतो, आदल्याच दिवशी अमावस्या झालेली त्यामुळे काळोख मिट्ट. पुनर्वसूची जोडी, म्हणजे मिथुन राशीतले ते दोन ठळक तारे आहेत ना, उल्का त्याच बाजूने येतात, पण तिकडेच टक लावली तर आखूड दिसतात, लांब रेघा हव्यात तर नजर जरा बाजूला. 11 ते 1 वहीत काट्या मारल्या, 64 झाल्या. मधेच एकाने व्हॉट्सॲप उघडलं आणि सगळ्यांचे डोळे गेले, परत अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं. लई शिव्या खाल्ल्या त्याने. टॉर्चला लाल जिलेटीन लावा.

---

आधी कॅलेंडर बघा हो! आम्ही 2024 ला उत्साहात भंडारदऱ्याला, आणि 14 तारखेला नेमकी दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा. चांदण्यात पेपर वाचता आला असता. भजी मात्र छान होती.

---

पर्सिड्स, 12-13 ऑगस्ट. पुण्यात असताना दर वर्षी ढगच, एकदाही दिसल्या नाहीत. इकडे कोलोरॅडोत आल्यावर पहाटे 3 ला डोंगरात गाडी लावून पहिल्यांदा बघितल्या, आईला लगेच फोन केला तर म्हणे इथे धो धो पडतोय.

---

2001 चे लिओनिड्स कुणी पाहिलेत का? 18 नोव्हेंबरची रात्र, गावी खळ्यावर झोपलो होतो. सिंह रास वर आली आणि मग मोजणं सोडूनच दिलं. एक तर एवढी मोठी की तिच्या मागे धुराची रेघ राहिली, ती वाऱ्याने हळूहळू वाकडी होत गेली, आजी म्हणाली साप झाला बघ. टेम्पल-टटल धूमकेतूचा कचरा तो, धूमकेतू साधारण 33 वर्षांनी येतो. तसं परत नाही दिसलं.

---

धागाकर्ती: आजी भारी! यंदा शेतच शोधते. पण दवाचं काय करता, गोधडी भिजते ना?

---

गोधडीवरून ताडपत्री. आणि डोकं बाहेर ठेवा, आमचा एक जण आत शिरला तो सकाळीच निघाला.