मदत हवी आहे: स्कूल बसचं छत फूटभर उचलायचंय, पिलर (खिडक्यांमधले उभे खांब) कुठून कापू?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या कामातून निघालेली जुनी बस घेतली आहे. सीट उतरवून झाल्या, आता आत घर करायचंय: दोन बंक, छोटा ओटा, मागे संडास-बाथरूम. अडचण उंचीची आहे. मधल्या बोळात जेमतेम पाच फूट दहा इंच भरतात. खाली प्लाय, वर रॉकवूल (उष्णता अडवणारा थर) आणि पॅनेलिंग आलं की त्यातले तीन इंच गेलेच. माझं निभेल, पण पोरगा सहा फुटी आहे, त्याने काय स्वतःच्या घरात वाकून फिरायचं?

इथे नाशिकला अंबडच्या एका फॅब्रिकेटरला दाखवली. तो म्हणतो, खिडक्यांच्या वरून, छताचा गोलावा सुरू होतो तिथून कापू, काचा आहेत तशा राहतील. मला पटत नाही. गोलाव्यात पिलर आत झुकलेला असतो, मग छत सरळ वर उचललं तर वरचं आणि खालचं तोंड एका रेषेत येईल कसं? माझ्या मते खिडकीच्या मध्यावर कापावं. तिथे पिलर जवळजवळ उभा आहे आणि खालचा पत्रा अख्खा राहतो. काचा जातील, पण इतक्या काचा घराला हव्यात कशाला?

एका काचेचं रबर काढून पाहिलं. पिलर बंद चौकोनी पाइपचा नाही, टोपीच्या आकाराची वाकवलेली पट्टी आहे. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी मुरून गंज धरलाय, स्क्रू ड्रायव्हर टोचला की पापुद्रे निघतात. वरचा भाग मात्र ठणठणीत. जोड कसा द्यायचा, आणि उचलताना सांगाडा तिरपा होऊ नये म्हणून काय करायचं? पेठ रोडला आरटीओत काय सांगतील तेही कुणाला ठाऊक असेल तर लिहा. एजंट म्हणतो ‘होऊन जाईल’, त्यामुळे धास्ती जास्त.

सातपूरचा वेल्डर: दादा, कापायची जागा तुमचीच बरोबर. पण आधी गंज. खालचा कोपरा कुजका असेल तर वर कितीही चांगला जोड द्या, भार शेवटी तिथेच येणार. तेवढा भाग कापून नवा घाला, मग छताला हात लावा.

नुसतं तोंडाला तोंड लावून वेल्ड मारू देऊ नका. त्याच आकाराची पट्टी प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) वाकवून घ्या, जुन्या पिलरच्या आत घट्ट बसेल अशी. वर-खाली निदान सहा-सहा इंच आत जायला हवी. पिलरला भोकं पाडून त्यातून प्लग वेल्ड, मग कडेने थोडं थोडं. एका दमात लांब वेल्ड ओढला की पट्टी तापून वाकते.

कापायच्या आधी आतून लोखंडी अँगलच्या तिरप्या फुल्या मारा, दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. छतातली वायरिंग सोडवा, बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. चारही कोपऱ्यांना जॅक, आणि पिलरपाशी थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई) व नट. इंचभर उचला, नट आवळा, कर्ण मोजा. नुसत्या जॅकवर रात्रभर सोडून घरी जायचं नाही, वाऱ्याचा भरवसा नाही. शेवटी गंज धरू नये म्हणून झिंक प्रायमर आणि पाणी शिरू नये म्हणून जोडांत पीयू सीलंट. आणि हे काम जूनच्या आत उरका.

पुढची काच आणि ड्रायव्हरचा भाग आहे तसाच ठेवा. त्याच्या मागून छत उतरतं घेत वर न्या. उभी पायरी ठेवलीत तर कसारा घाटात वारा तिथेच आदळेल.

पंचवटीकर: कागदांचं मी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. उंची हा काही वरवरचा बदल नव्हे. एकमजली बसच्या उंचीला मर्यादा आहे, तुम्ही त्यात बसालही, पण तेवढ्याने परवानगी मिळाली असं होत नाही. मोटार कॅरव्हॅनसाठी (आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आधी लेखी अर्ज, मग ग्राइंडर. एजंटचं ‘होऊन जाईल’ अपघातानंतर विमा कंपनीला दाखवता येत नाही. पिवळा रंग आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरंही काढून टाका.

गाडी रस्त्यावर फिरवायचीच आहे का? की कुठे उभी करून राहणार?

धागाकर्ता: दोघांचेही आभार. गिरणाऱ्याजवळ थोडी जागा आहे. बायकोचं म्हणणं पहिल्यापासून हेच, की बस तिथे कायमची उभी करू. मला मात्र फिरायचंय.

पंचवटीकर: मग वहिनींचं ऐका. कायमची उभी करणार असाल तर आरसी रद्द करून घ्या, छत हवं तेवढं उचला. फिरायचंच असेल तर छताला हात न लावता बोळातला फ्लोअर उतरवता येतो का ते खाली शिरून बघा.

सातपूरचा वेल्डर: फ्लोअरचं विसरा, खाली चॅसिसचे क्रॉस मेंबर (आडव्या पट्ट्या) आणि चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आहे, दोन इंचही मिळणार नाहीत. पिलरचे फोटो टाका, खालच्या कोपऱ्याचे जवळून. पट्टीची जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून लिहा, मग प्रेस ब्रेकवाला सुचवतो.

धागाकर्ता: रविवारी आणखी दोन रबरं काढतो आणि फोटो टाकतो.