मदत हवी आहे: न झालेलं नुकसान मोजायचं कसं?

मंडळी, आपत्ती रोखण्यावरच्या सरकारी खर्चाचा फायदा आकड्यांत कसा मांडतात? बांध टिकला, घरं कोरडी राहिली की लोक म्हणतात, 'काही झालंच नाही, पैसे उगाच घातले!' मदतवाटपाचा फोटो निघतो, साफ केलेल्या नाल्याचा कोण काढणार?

१९७० मध्ये आताच्या बांगलादेशात आलेल्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. पुढे तिथे निवारे, इशारा यंत्रणा उभी राहिली. २००७ च्या सिद्र चक्रीवादळात मृत्यू काही हजारांवर आले. पण दोन्ही वादळं सारखी नव्हती. मग यात निवाऱ्यांचा वाटा किती, हे कसं वेगळं काढायचं? आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या फायद्याची आजची किंमत काढायचा दर) कोणता धरावा? मी तिथेच अडकलोय.