सासऱ्यांची नकाशांची भेंडोळी: घर रिकामं करायचंय, काय करू?

एरंडवण्याची_सून

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझे सासरे आर्किटेक्ट होते. गेल्या वर्षी गेले. मुंबईला जे.जे.मधून जी.डी. आर्क. (वास्तुकलेची पदविका) करून पुण्यात परतले आणि शेवटपर्यंत इथंच काम केलं. बंगले, चार-पाच सोसायट्या, दोन शाळा, एक मंगल कार्यालय, एक छोटा दवाखाना. नावाजलेले वगैरे नव्हते. त्यांचं पहिलं ऑफिस नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात ते सगळं गेलं. त्यानंतर मात्र त्यांनी एकही कागद टाकला नाही, आणि ते सगळे कागद आता आमच्या माळ्यावर आहेत.

मी मोजलं: नकाशांची त्रेसष्ट भेंडोळी, पत्र्याच्या चार ट्रंका (पत्रं, बिलं, मोजमापाची पुस्तकं), साईटवरच्या अकरा डायऱ्या, बुटांच्या सात खोक्यांत निगेटिव्ह आणि फोटो. शिवाय एक फाईल आहे, तिच्यावर फक्त 'घरचे' असं लिहिलंय.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय. सप्टेंबरअखेर फ्लॅट सोडायचा आणि पुढची दोन-अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढायची. नवरा म्हणतो, ठेवणार कुठे? नणंद म्हणते, फोटो ठेवू, बाकीचं जाऊ दे. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांनी चिठोरं टाकलं नाही, मी कशी टाकू?"

रविवारी मी आवरायला घेतलं. सहा भेंडोळी सोडली, मोठे कागद एकीकडे, लहान एकीकडे, फोटो एका पिशवीत, पत्रं दुसऱ्या. तेवढ्यात पत्रांच्या पिशवीत एक पोस्टकार्ड दिसलं. ते एका नकाशाच्या आत होतं एवढं आठवतंय, पण कुठल्या, ते काही केल्या सांगता येईना. तिथंच हात थांबला.

सुरुवात कुठून करू? स्कॅन केलं की पुरे का? हे असं कुणी सांभाळायला घेतं का?

कोथरूडचा_आनंद

ताई, आमच्याकडे वडिलांच्या बाबतीत हेच झालं होतं. आम्ही सगळं मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घेतलं, हार्ड डिस्कच्या दोन प्रती केल्या आणि कागद रद्दीत दिले. जागा मोकळी झाली. हळहळ वाटते, नाही असं नाही. पण पुण्यात आज एका खोलीचं भाडं काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्कॅन करा आणि मोकळ्या व्हा.

जुना_ट्रेसर

ताई, आधी एक हात जोडून विनंती. काहीही वेगळं करू नका, आणि जे वेगळं केलंय ते आणखी विस्कटू देऊ नका.

मी १९६८ साली एका आर्किटेक्टकडे ट्रेसर, म्हणजे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवणारा, म्हणून लागलो, मग ड्राफ्ट्समन झालो. अडतीस वर्षं टी-स्क्वेअर धरला. आमचे साहेब अचानक गेले आणि पंधरा दिवसांत ऑफिसची जागा विकली गेली. मी सोमवारी सकाळी पोचलो तर दोन हातगाड्या भरून भेंडोळी रद्दीला निघाली होती. त्यातली एकच मला उचलता आली. पुढे तीन वर्षांनी भांडारकर रस्त्यावरचे एक गृहस्थ घर शोधत माझ्याकडे आले. त्यांच्या बंगल्याला तडे गेले होते आणि भिंतीतून तुळई कुठून कुठे गेलीय, सळ्या किती आहेत, हे इंजिनिअरला हवं होतं. तो नकाशा मी स्वतः शाईनं काढला होता. मला तो आठवत होता, पण आठवणीवर कोण भिंत फोडणार? ते परत गेले. आजही त्या रस्त्यानं जाताना मी दुसरीकडे बघतो.

म्हणून तुमच्या घरात काय आहे ते सांगतो. नकाशा एकटा फार थोडं बोलतो. डायरीत लिहिलेलं असतं की अमुक तारखेला पाया खणताना खडक लागला. पत्रात मालकानं पैसे संपल्याचं कळवलेलं असतं. फोटोत दिसतं की वरचा मजला त्या वर्षी झालाच नाही. आणि नकाशावर शाई काढायला अर्ध्या ब्लेडनं खरवडलेली जागा असते, तिथं जिना होता. हे चारही एका जागी असले तर ते घर कसं उभं राहिलं ते कळतं. मोठे-लहान अशी वाटणी केली की उरतात नुसते कागद. पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात. कुठला कागद कुठल्या रुमालातला, यावर अभ्यासकाचं निम्मं काम उभं असतं. तुमचं एकेक भेंडोळं हा एकेक रुमाल आहे असं समजा.

तर आधी यादी. साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक भेंडोळ्याला, ट्रंकेला, खोक्याला एक आकडा द्या. तो कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून सुती नाडीनं बांधा. पेन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, मग निघत नाही. सोडण्याआधी जसं आहे तसा मोबाइलवर फोटो काढा. रबरबँड असतील ते वितळून चिकटले असतील, तेवढे हलक्या हातानं काढा. पहिल्या महिन्यात एवढंच झालं तरी पुष्कळ.

कागद ओळखायला शिका, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. निळ्यावर पांढऱ्या रेघा तो फेरो प्रिंट, ज्याला लोक ब्ल्यू प्रिंट म्हणतात. ती रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. तो उजेडात फिका पडतो आणि अंधारात ठेवला तर थोडा परत गडद होतो. त्याला अल्कली सोसत नाही, म्हणून महागडा 'आर्काइव्हल' कागद आणाल तर त्यात आम्ल मारायला घातलेलं चुन्याचं बफर नाही ना ते विचारा. पांढरट कागदावर जांभळ्या किंवा निळ्या रेघा तो अमोनिया प्रिंट. आम्ही ट्रेसिंगखाली (पारदर्शक कागदावरच्या मूळ नकाशाखाली) त्याचा कोरा पिवळा कागद घालून काचेच्या चौकटीत गच्चीवर उन्हात धरायचो आणि मग नळकांड्यात अमोनियाच्या वाफेवर उभा करायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातली रसायनं अजून पूर्ण निवलेली नसतात. फोटो आणि निगेटिव्ह त्याला चिकटून ठेवू नका. वेगळे ठेवाल तेव्हा 'भेंडोळं अमुकमधून काढलं' ही चिठ्ठी दोन्हीकडे हवी.

आणि जुन्यांत ट्रेसिंग क्लॉथ सापडेल. निळसर, मेणचट, चकचकीत कापड. त्याला पाणी लागू देऊ नका, थेंबसुद्धा. त्याचं रूप सगळं खळीवर उभं असतं, खळ विरघळली की उरतं साधं तलम कापड. आमच्या ऑफिसात रद्द झालेले नकाशे बायका घरी नेऊन धुवायच्या आणि त्याची बाळाला झबली शिवायच्या. माझ्या थोरल्या मुलीचं पहिलं झबलं म्हणजे एका शाळेचा दर्शनी भाग होता. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

निगेटिव्हच्या खोक्यांना वास येतो का बघा. व्हिनेगरसारखा आंबट असेल तर ती फिल्म खराब व्हायला लागलीय. ती बाजूला काढा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅनिंगमध्ये तिचा नंबर पहिला लावा.

साल लिहिलेलं नसेल तर घाबरू नका. बिलं आणे-पैत असतील तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, त्या दिवसापासून नवे पैसे आले. मापं फूट-इंचांत आणि मीटरमध्ये अशी दोन्ही लिहिलेली असतील तर तो साधारण मेट्रिक येण्याच्या सुमाराचा कागद.

आनंदराव, तुमच्यावर राग नाही, जागेची अडचण खरीच आहे. पण ब्लेडची खरवड स्कॅनमध्ये जेमतेम उमटते, टाचणीची भोकं कुणी बघत नाही, आणि हार्ड डिस्कही दर काही वर्षांनी बदलावी लागते. स्कॅन जरूर करा. पण कागद फिरत्या रोलरमध्ये घालणारं यंत्र ठिसूळ ट्रेसिंगला फाडतं. सपाट ठेवून वरून फोटो घेणारा माणूस शोधा.

पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडून बुरशी येते. डांबरगोळ्याही नकोत. मांजरपाट आणा, दोन-तीनदा धुऊन खळ काढा, कडक वाळवा आणि त्यात गुंडाळा. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळायच्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या मिळतात. नळीला आधी कापड लावा आणि नकाशा नळीच्या आत कोंबण्याऐवजी बाहेरून गुंडाळा. भाड्याचं घर बघताना तळमजला टाळा आणि गच्चीखालचा माळाही टाळा. पानशेत तुमच्या घरानं एकदा सोसलंय.

आणि ते पोस्टकार्ड. त्याच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग आहे का बघा. असेल तर सोडलेल्या सहा भेंडोळ्यांतल्या एका कागदावर तसाच डाग, तेवढ्याच अंतराच्या दोन भोकांसकट सापडेल.

पेठेतली_वास्तुविशारद

ट्रेसरकाकांनी लिहिलंय त्यात माझी भर फक्त देण्याघेण्याबद्दल.

देशात अशी कामं सांभाळणाऱ्या जागा थोड्या आहेत, पण आहेत. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठाचं आर्काइव्ह आहे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, ज्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, त्यांनी तिथंच वास्तुशिल्प फाउंडेशन उभं केलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी (पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं आवार त्यांचंच) आपले हजारो नकाशे लंडनच्या रिबाला, म्हणजे ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेला, दिले, २०१३ मध्ये त्यांचं तिथं प्रदर्शनही झालं. चंडीगढसाठी वर्षानुवर्षं राबलेल्या पिएर जानरे या वास्तुविशारदाचे कागद मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये आहेत. ते कागद तिथं सुखरूप आहेत याचा आनंदच आहे. पण चंडीगढच्या विद्यार्थ्यानं ते बघायला कॅनडा गाठायचा, हे मला पटत नाही. दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन एप्रिल २०१७ मध्ये पाडलं. आता ते समजून घ्यायचं तर नकाशे, मॉडेल आणि फोटो एवढाच आधार आहे. प्रभात रस्त्यावरचे बंगले तर एकेक करून रोज पडताहेत, आणि त्यांचे नकाशे तुमच्यासारख्यांच्या माळ्यावर आहेत. म्हणून माझं मत, शक्य तोवर पुण्यातच ठेवा. शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयांना पत्र लिहा, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेला लिहा. पत्रासोबत यादी जोडा. नुसतं "जुने नकाशे आहेत" म्हटलं की लोक घाबरतात, पाच पानी यादी दिसली की कुणीतरी बघायला येतं.

देताना लेखी करार करा. कागदाची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नकाशा ही कलाकृती, आणि हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. काम स्वतःच्या नावानं केलं असेल तर ते आता सासूबाईंकडे आणि मुलांकडे आलेत. दोन्ही देताय की एकच, ते स्पष्ट लिहा. मालकांनी पाठवलेल्या पत्रांचा कॉपीराइट मात्र पत्र लिहिणाऱ्याचा. अजून लोक राहतात त्या घरांचे नकाशे काही वर्षं सर्वांसाठी खुले करायचे नाहीत, अशी अट घालता येते. 'घरचे' फाईल आधी सासूबाईंना वाचू दे. त्यातलं काय द्यायचं ते त्याच ठरवतील.

एरंडवण्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय.

वही केली. सासूबाई कॉटवर बसून आकडे सांगतात, मी लिहिते. भेंडोळं उघडलं की बहुतेक वेळा त्या नाव न वाचताच घर ओळखतात. नणंद शनिवारी आली, संध्याकाळपर्यंत बसली आणि फोटोंच्या मागची अक्षरं वाचून दिली. नवऱ्यानं भाड्याची जागा दुसऱ्या मजल्यावरची बघितलीय, एक खोली जास्त आहे. ट्रेसिंग क्लॉथची चार भेंडोळी निघाली. काकांचं वाचल्यावर कळलं, त्या दिवशी मी ती ओल्या फडक्यानं पुसणार होते.

काका, पोस्टकार्डावर गंजाचा डाग होता. सगळे कागद जमिनीवर पसरून दोन संध्याकाळी शोधलं. तिसऱ्या दिवशी सापडला, अगदी तुम्ही म्हणालात तसा, भोकासमोर भोक. १९६४ चं पोस्टकार्ड आहे, नागपूरला बदली झालेल्या मालकाचं. त्यांनी लिहिलंय की न्हाणीघराचं दार दिवाणखान्याकडे नको, स्वयंपाकघराच्या बोळात उघडू द्या, आई सोवळ्यात असते, तिला पाहुण्यांमधून जावं लागतं. नकाशावर त्या जागी कागद खरवडून इतका पातळ झालाय की बोट दिसतं. जुन्या दाराचा कोपरा अजून पुसट आहे, नवं दार बोळात.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या आजी दर संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवायच्या, का ते मला आज कळलं.

वहीत लिहिलंय: भेंडोळं १७, कागद ४, सोबत पोस्टकार्ड १.