कामाआधीची पहाट आणि रविवारचा सिंहगड

नोकरी सांभाळून छंदांना वेळ कुठून मिळतो, असं विचारलंत. आम्हाला तो कामाच्या आधीच मिळतो! या आठवड्यात पहाटे पुण्यातल्या पाषाण तलावावर गेलो. जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत जलपर्णीवरून आरामात हिंडत होत्या. संध्याकाळी पेटीवर भूप राग. म आणि नी वर्ज्य, पण उरलेल्या पाच स्वरांत केवढं ऐश्वर्य आहे! रविवारी मात्र सिंहगडच. आतकरवाडीच्या वाटेने चढलो, देवटाक्याचं गार पाणी प्यायलो, मग पिठलं, भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. गाडीने वर गेलं की ते दही तितकं गोड लागत नाही, हे माझं ठाम मत. बायकोला कल्याण दरवाजाची वाट जास्त आवडते, म्हणून पुढच्या खेपेला तिकडून. येताय का?